आकडा एकाच जागी असावा

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या गच्चीवर सभासदांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर. पडद्यावर दाखवलेल्या तक्त्यांपैकी आवश्यक तेवढे इथे छापले आहेत. तक्त्यांतले शब्द आणि आकडे वाचकांच्या सोयीसाठी मराठीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत टाईप करावे लागतात. रकमा नमुन्यादाखल आहेत.)



कालच्या कार्यक्रमात गाणी झाली, परवा फॅन्सी ड्रेस झाला. आज हिशेबाचा विषय आहे म्हटल्यावर एवढी मंडळी वर चढून आली याचंच मला नवल वाटतं, त्यातून लिफ्ट गच्चीपर्यंत येत नाही. तेव्हा वेळ न घालवता मुद्द्यावर येतो.

आपल्या सोसायटीचं तिमाही बिल ज्या फाईलमधून निघतं, त्या फाईलबद्दल मला बोलायचं आहे. गेली दोन वर्षं बिलं या नव्या पद्धतीनं निघतात. बऱ्याच जणांनी विचारलं, की हे एक्सेल आहे का? नाही. टॅली आहे का? तेही नाही. ही साधी मजकुराची फाईल आहे. नोटपॅडमध्ये उघडा, मोबाईलवर उघडा, आणखी वीस वर्षांनी जे काही यंत्र असेल त्यावर उघडा, अक्षरं दिसणार. उभ्या रेघा मारून केलेले तक्ते, आणि प्रत्येक तक्त्याखाली एका ओळीत लिहिलेली सूत्रं. बस. या प्रकाराला ऑर्ग मोड म्हणतात. तो ईमॅक्स नावाच्या मोफत संपादकाचा भाग आहे. कार्स्टन डॉमिनिक या ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी तो लिहायला घेतला. ईमॅक्स तर त्याहून जुना. रिचर्ड स्टॉलमन यांचं जीएनयू ईमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हातात आहे. म्हणजे आपल्या इमारतीपेक्षा वयानं मोठं, आणि अजून गळती नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला गळतीचा अनुभव आहे. आधी ज्या बाहेरच्या कार्यालयाकडून आपण बिलं करून घेत होतो, त्यांचं काम बंद केलं तेव्हा आपल्या हातात काय आलं? छापील कागदांचे गठ्ठे, आणि एक फाईल जी त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये उघडायची. आपलाच हिशेब, आपल्याच पैशांचा, आणि तो बघायला आपल्याकडे किल्ली नाही. कमिटीनं त्या वेळी ठरवलं, की यापुढे सोसायटीचा हिशेब सोसायटीला वाचता येईल अशा रूपातच राहील.

पण आजचा खरा विषय फाईल कुठल्या प्रकारची हा नाही. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्या तक्त्यात कसा न्यायचा, हा आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. सोसायटीतली निम्मी भांडणं इथं जन्म घेतात.

ज्यांनी कॉमर्स केलंय त्यांना आठवत असेल. रोजकीर्दीत एक अरुंद रकाना असायचा, त्यावर ‘खा. पा.’ लिहिलेलं असायचं. खाते पान. कीर्दीतली ही नोंद खतावणीच्या कुठल्या पानावर गेली, त्याचा क्रमांक. आणि पान संपलं की खाली ‘पुढील पानावर’ आणि वर ‘मागील पानावरून’. जुन्या कारकुनांना हे पक्कं ठाऊक होतं, की आकडा एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला तर तो कुठून आला याची खूण सोबत गेली पाहिजे. फक्त अडचण अशी, की खूण जायची पण आकडा हातानं उतरवावा लागायचा. आणि हातानं उतरवला की ४५०० चे ५४०० होणारच. शिवाय मूळ आकडा नंतर दुरुस्त झाला तरी उतरवलेला तसाच राहतो. एकाच रकमेच्या दोन नोंदी, दोन्ही आपल्याच वहीत, आणि दोन्ही वेगळ्या.

आपल्याकडे नेमकं हेच घडलं होतं. चार वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत थकबाकीदारांची यादी वाचली गेली. त्यात एका ज्येष्ठ सभासदांचं नाव होतं. नाव इथं घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी दोन्ही तिमाहींचे चेक वेळेवर दिले होते, पावत्याही त्यांच्याकडे होत्या. बाहेरच्या कार्यालयानं पावती-वहीत रक्कम लिहिली होती, पण थकबाकीच्या तक्त्यात ती उतरवलीच नव्हती. वर त्या न थकलेल्या रकमेवर उपविधीप्रमाणे २१ टक्क्यांनी व्याजही लावलं. त्या गृहस्थांनी सभेत पावत्या काढून दाखवल्या, माफी मागितली गेली, व्याज वजा झालं. पण त्यानंतर दोन वर्षं ते खाली कट्ट्यावर बसायला आले नाहीत. ही गोष्ट पैशांची नव्हती. अठ्ठेचाळीस घरांसमोर नाव वाचलं गेलं, ते कुठल्या सॉफ्टवेअरनं परत घेता येणार?

तर आता बघा, ते उतरवणंच कसं टाळायचं. पडद्यावर पहिला तक्ता आहे. हा दरांचा.

#+नेम: दर
| बाब | तिमाही दर |
|---+---|
| सेवा शुल्क | ३६०० |
| पाणी, दर नळामागे | १५० |
| पार्किंग, दर गाडीमागे | ३०० |

हा दुसरा, घरांचा. प्रत्यक्षात ४८ ओळी आहेत, इथं तीनच दाखवतो.

#+नेम: फ्लॅट
| फ्लॅट | नळ | गाड्या |
|---+---+---|
| १०१ | ४ | १ |
| १०२ | ३ | ० |
| १०३ | ४ | २ |

आणि हा तिसरा, बिलाचा.

#+नेम: बिल
| फ्लॅट | सेवा | पाणी | पार्किंग | एकूण |
|---+---+---+---+---|
| १०१ | ३६०० | ६०० | ३०० | ४५०० |
| १०२ | ३६०० | ४५० | ० | ४०५० |
| १०३ | ३६०० | ६०० | ६०० | ४८०० |

या तिसऱ्या तक्त्यात माणसानं टाईप केलेलं फक्त फ्लॅटचा नंबर. बाकीचा एकही आकडा कुणी लिहिलेला नाही. ते सगळे पहिल्या दोन तक्त्यांतून आलेले आहेत.

कसे आले? प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर ‘नेम’ अशी ओळ आहे, ते त्या तक्त्याचं नाव. बारसं केल्याशिवाय तक्त्याला हाक मारता येत नाही. मग घराचा पत्ता. ॲट हे चिन्ह म्हणजे ओळ, डॉलर हे चिन्ह म्हणजे रकाना. @३$२ म्हणजे तिसरी ओळ, दुसरा रकाना. शीर्षकाची ओळ पहिली धरायची, आडव्या रेघा मोजायच्या नाहीत. दरांच्या तक्त्यात @३$२ वर काय आहे? बरोबर, पाण्याचा दर, १५०. बसचं तिकीट काढताना आपण स्टॉप सांगतो तसंच हे आहे, फक्त आधी गाव सांगायचं. ते सांगणाऱ्या शब्दाचं नाव रिमोट. टीव्हीचा नव्हे, ‘लांबचा’ या अर्थानं. रिमोट(दर, @३$२) म्हणजे ‘दर’ नावाच्या तक्त्यात जा आणि तिथलं तिसऱ्या ओळीचं दुसरं घर घेऊन ये.

एक्सेलवाल्यांना हे परकं वाटायला नको. तिथं शीटचं नाव, मग उद्गारचिन्ह, मग सेल. कल्पना एकच. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ॲपल-टूवर व्हिसिकॅल्क आणलं तेव्हापासून घराला पत्ता देण्याची ही रीत चालत आली आहे. फरक इतकाच, की एक्सेलमध्ये सूत्र घराच्या आत दडलेलं असतं, त्या घरावर क्लिक केल्याशिवाय दिसत नाही. इथं ते तक्त्याच्या खाली, उघड्यावर, कुणालाही वाचता येईल असं लिहिलेलं असतं. मला तरी सोसायटीच्या हिशेबाला हे जास्त शोभतं. प्रिंट काढली तर सूत्रासकट निघते, आणि नोटीस बोर्डावर लावता येते.

बिलाच्या तक्त्याखालची ओळ अशी आहे:

#+टीबीएलएफएम: $२=रिमोट(दर,@२$२)::$३=रिमोट(फ्लॅट,@@#$२)*रिमोट(दर,@३$२)::$४=रिमोट(फ्लॅट,@@#$३)*रिमोट(दर,@४$२)::$५=व्हीसम($२..$४)

घाबरू नका, आपण तुकडे करू. दोन अपूर्णविरामांच्या जोड्यांनी चार सूत्रं वेगळी केली आहेत. पहिलं: दुसऱ्या रकान्यात सगळीकडे सेवा शुल्काचा दर आणा. सेवा शुल्क सगळ्या घरांना सारखं, त्यामुळे प्रश्न नाही. शेवटचं: दोन ते चार रकान्यांची बेरीज पाचव्यात. ते मधले दोन टिंब दिसतात ना, तो पट्टा. इथपासून इथपर्यंत. $२..$४ म्हणजे आडवा पट्टा, @२$५..@४९$५ म्हणजे उभा पट्टा, दुसऱ्या ओळीपासून एकोणपन्नासाव्यापर्यंत. नवी ओळ आली तर एकोणपन्नास बदलावे लागतील, म्हणून शेवटच्या ओळीला नुसतं @> लिहायची सोय आहे. शेवट कुठंही असो, ते शोधून काढतं.

आता मधलं, ते ॲट-ॲट-हॅशवालं. त्याचा अर्थ: मी आता ज्या ओळीवर उभा आहे, समोरच्या तक्त्यातही तितक्याव्याच ओळीवर जा. लांबच्या तक्त्यात ‘माझ्या शेजारचं घर’ असं काही सांगता येत नाही, कारण आपण तिथं उभेच नाही. तिथला पत्ता पूर्णच द्यावा लागतो. म्हणून आपल्या ओळीचा क्रमांक उचलून तिकडे द्यायचा. हे सुटसुटीत आहे आणि माझ्या मते धोक्याचंही आहे. दोन्ही तक्त्यांत फ्लॅटचा क्रम तंतोतंत सारखा असेल तोवरच ते खरं. फ्लॅटच्या तक्त्यात कुणी मध्ये एक ओळ घातली, समजा दुकानाचा गाळा जोडला, की खालच्या सगळ्यांना वरच्याचं पाणी लागणार. १०३ ला १०२ चे नळ. आणि आकडे इतके साजरे दिसतील, की कुणाला संशय यायचा नाही.

म्हणून प्रत्यक्षातल्या फाईलमध्ये आपण क्रमावर न जाता फ्लॅट नंबरावर शोधतो. त्यासाठी लुकअप नावाची सोय आहे. तिला तीन गोष्टी द्यायच्या: काय शोधायचं, कुठल्या पट्ट्यात शोधायचं, आणि सापडलं की त्याच जागेवरचं कुठल्या पट्ट्यातून उचलायचं. पोस्टमन पत्रावरचं नाव वाचतो, मग पेट्यांवरची नावं बघतो, तसं. वर ओळ घाला, खाली घाला, क्रम उलटा करा, १०३ ला १०३ चेच नळ मिळतात.

पण इथंच एक बारकी मेख आहे, आणि ती सांगण्यासाठी मी खरं तर आज उभा आहे. कमिटीत उद्या जे कोणी येतील त्यांनी हे तेवढं लक्षात ठेवावं.

पट्ट्यात रिकामं घर आलं, तर ऑर्ग मोड ते सरळ गाळून टाकतो. बेरीज करताना यानं काही बिघडत नाही, रिकाम्याची बेरीज शून्यच. पण लुकअपमध्ये दोन पट्टे शेजारी शेजारी चालतात. पावत्यांचा तक्ता घ्या. फ्लॅटच्या रकान्यात १०१, १०२, १०३, १०४. रकमेच्या रकान्यात ४५००, मग रिकामं, मग ४८००, मग ४०५०. रिकामं का? १०२ चा चेक अजून वटलेला नाही, म्हणून खजिनदारांनी रक्कम लिहायची ठेवली. अगदी रीतसर. आता पट्टे जुळवा. फ्लॅट चार आहेत. रकमा गाळून झाल्यावर तीनच उरल्या. १०१ ला ४५००, ठीक. १०२ ला ४८००. ज्यांचा चेक वटलाच नाही त्यांचे जमा. १०३ ला ४०५०. साडेसातशे कमी, म्हणजे ते थकबाकीदार. आणि १०४? त्यांच्या वाट्याला काहीच नाही. पूर्ण पैसे भरून पूर्ण थकबाकीदार.

म्हणजे कुणी काहीही चुकीचं न लिहिता, केवळ एक घर रिकामं राहिल्यानं, खालच्या सगळ्यांचा हिशेब एकेक घर वर सरकतो. लग्नाच्या पंगतीत मधलं पान उचललं तर वाढप्याचं जे होईल तेच.

यावर उपाय सोपा आहे. सूत्राच्या शेवटी अर्धविराम देऊन इंग्रजी ई हे अक्षर लिहायचं. त्याचा अर्थ, रिकामी घरंही पट्ट्यात राहू दे. एक अक्षर! आणि दुसरा उपाय माणसांचा: पावत्यांच्या तक्त्यात रकमेचं घर कधीच रिकामं सोडायचं नाही, चेक वटेपर्यंत तिथं शून्य लिहायचं. आपण दोन्ही करतो. अक्षर राहिलं तर शून्य आहे, शून्य राहिलं तर अक्षर आहे. रोज अशी दुहेरी कडी कोण लावतो, असं तरुण मंडळी म्हणतील. ज्यांचं नाव सभेत वाचलं जाईल त्यांना विचारा.

याच्या जोडीला लुकअपच्या अवतारांपैकी दोन सांगतो. एक पहिला सापडलेला आकडा घेऊन थांबतो, एक सापडतील तेवढे सगळे आणतो. नळ किंवा गाड्यांसाठी पहिला पुरतो, कारण एका फ्लॅटची एकच ओळ. पावत्यांना तो चालत नाही. आपल्याकडे काही घरं एका तिमाहीचं बिल दोन-तीन हप्त्यांत भरतात, त्यात काही गैर नाही. पहिल्यावर थांबणारा लुकअप त्यांचा एकच हप्ता जमा धरेल. तिथं सगळे आणणाराच घ्यायचा आणि त्यांची बेरीज करायची.

आणखी एक गंमत. रकमेच्या घरात कुणी शब्द लिहिला, समजा ‘बाकी’, तर बेरीज अडत नाही. उत्तर येतं ‘बाकी + ९३००’. आत जो कॅल्क नावाचा गणक आहे तो बीजगणित जाणतो. त्याला वाटतं हा एखादा क्ष किंवा य आहे. पहिल्यांदा हे बघून खजिनदार हसत सुटले होते. असे शब्द शून्य धरायला लावणारंही एक अक्षर आहे. बेरजांना मी ते लावू देत नाही. घरात भलतं काही लिहिलं गेलं असेल तर उत्तरानं ओरडावं, गुपचूप शून्य धरून पुढे जाऊ नये. तसंच आकड्यांत स्वल्पविराम द्यायचा नाही, सवा लाख लिहायचे तर सलग १२५००० लिहायचे. शोभेपेक्षा बेरीज महत्त्वाची.

आता सगळ्या सोसायटीचा गोषवारा. बिलाच्या तक्त्याच्या तळाला तुम्हाला बेरजेची ओळ दिसली नसेल. ती मुद्दामच नाही. तळाला ‘एकूण’ लिहिलं, आणि दुसऱ्या तक्त्यातून ‘दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत’ असा पट्टा उचलला, तर बेरजेसकट बेरीज होते, म्हणजे दुप्पट. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत, असंही सांगता येतं, त्यासाठी @>> आहे. पण मग कुठल्या तक्त्याला तळाची ओळ आहे आणि कुठल्याला नाही हे लक्षात ठेवत बसावं लागतं. त्यापेक्षा नियमच केला: तक्त्यात नोंदी, बेरजा सगळ्या गोषवाऱ्यात.

#+नेम: गोषवारा
| बाब | रक्कम |
|---+---|
| एकूण आकारणी | १३३५० |
| एकूण जमा | ९३०० |
| येणे | ४०५० |
#+टीबीएलएफएम: @२$२=व्हीसम(रिमोट(बिल,@२$५..@>$५))::@३$२=व्हीसम(रिमोट(पावत्या,@२$४..@>$४))::@४$२=@२$२-@३$२

तीन ओळी, आणि ऑडिटरना लागणारी पहिली गोष्ट हीच असते. येणे बाकी ४०५०, कुणाची? १०२ ची, चेक वाटेत आहे. उलगडा इथंच होतो.

या पद्धतीत दोष नाहीत असं नाही. एक मोठा आहे. एक्सेलमध्ये इथं दर बदलला की तिथं बिल आपोआप बदलतं. इथं तसं होत नाही. दरांच्या तक्त्यात १५० चे १७५ केले आणि फाईल बंद करून घरी गेलात, तर बिलात अजून १५० नेच पाणी आहे. सूत्राच्या ओळीवर जाऊन कंट्रोल-सी दोनदा दाबलं तरच तो तक्ता नव्यानं मोजला जातो. आणि तक्ते एकमेकांवर अवलंबून असतील तर एकदा मोजून भागत नाही: गोषवारा आधी मोजला आणि बिल नंतर, तर गोषवारा जुन्याच बिलाचा राहिला. फाईलमधले सगळे तक्ते पुन्हा पुन्हा मोजून आकडे बदलायचे थांबेपर्यंत फिरवणारी वेगळी आज्ञा आहे. बिलं छापण्याआधी ती चालवायचीच. खजिनदारांच्या टेबलावर काचेखाली ती लिहून ठेवली आहे.

काही जणांना हा फार मागासलेपणा वाटतो. मला अर्धा पटतो. पण दुसरी बाजू बघा. छापून वाटलेल्या बिलांची फाईल कुणी उघडली आणि चुकून दरात बोट लागलं, तरी बिलाचे आकडे जागचे हलत नाहीत. कुणीतरी ‘मोज’ म्हटल्याशिवाय इथं काही मोजलं जात नाही. मात्र दर नवा आणि बिल जुनं अशी फाईल कपाटात पडून राहू शकते, हेही तितकंच खरं.

तक्त्याचं नाव चुकलं तर मात्र ते ठामपणे नकार देतं. असा तक्ता सापडत नाही, म्हणून थांबतं. अंदाजानं दुसऱ्या कुठल्या तक्त्याकडे जात नाही.

आता तुम्हा सभासदांना याचा काय उपयोग? बिल जास्त आलं असं वाटलं तर आतापर्यंत काय व्हायचं? ऑफिसात जायचं, ‘कॉम्प्युटरमध्ये असंच आहे’ हे ऐकायचं, आणि जिना उतरायचा. यापुढे असं म्हणू नका. म्हणा, माझं घर उलगडून दाखवा. कंट्रोल-सी आणि मग उघडा महिरपी कंस दाबला की सूत्र पायरी पायरीनं मोजून दाखवण्याची सोय चालू होते. पडद्यावर आधी मूळ सूत्र येतं, मग रिमोटच्या जागी प्रत्यक्ष आकडे बसलेलं सूत्र, मग उत्तर. मागच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हे करून घेतलं. त्यांना पाणी चार नळांचं लागत होतं. उलगडल्यावर दिसलं, की आकडा फ्लॅटच्या तक्त्यातून येतो आणि तिथं चार लिहिलंय. आजी म्हणाल्या, अहो, बाल्कनीतला नळ आम्ही रंगकामाच्या वेळी काढून टाकला, तीनच आहेत. वॉचमन जाऊन बघून आला. तक्त्यात एका घरातला चार खोडून तीन केला, फिरवलं, आणि बिल, थकबाकी, गोषवारा सगळीकडे दीडशे कमी झाले. पाच मिनिटांत. चहा गार व्हायच्या आत. चार वह्यांत चार ठिकाणी खाडाखोड नाही, आणि पाचवी वही विसरली म्हणून पुढच्या तिमाहीला तोच वाद नाही.

सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीचं मी मुद्दाम काही दाखवलं नाही. तो हिशेब बांधकाम खर्चावर वर्षाला पाव टक्का आणि पाऊण टक्का असा असतो आणि फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे बदलतो. पण पद्धत तीच, दरांच्या तक्त्यात दोन ओळी जास्त, फ्लॅटच्या तक्त्यात एक रकाना जास्त. नॉन-ऑक्युपन्सीचंही तसंच, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि ते दहा टक्के कशाचे हे सूत्रातच वाचता येतं. भाड्यानं दिलेल्या घरांच्या मालकांनी, जे बहुतेक पुण्याबाहेर असतात, फाईलची प्रत मेलवर मागवावी. साधा मजकूर असल्यानं कुठंही उघडेल.

जुन्या वर्षांचंही काम चालू आहे. पंचवीस वर्षांचे ऑडिट रिपोर्ट कपाटात आहेत, त्यातले ताळेबंद आपले निवृत्त सभासद संध्याकाळी बसून एकेक वर्षाचा एकेक तक्ता असे टाईप करतायत. प्रत्येक तक्त्याचं नाव त्या वर्षावरून. मग एक मोठा तक्ता करायचा, त्याच्या पहिल्या रकान्यात नुसती ती नावं. रिमोटला तक्त्याचं नाव थेट न देता ‘पहिल्या रकान्यात लिहिलंय ते नाव’ असंही सांगता येतं. म्हणजे एकाच सूत्रात पंचवीस वर्षांचा दुरुस्ती निधी एकाखाली एक उभा राहील. आपली इमारत आता त्या वयाला आहे की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, आणि बाहेरून प्लास्टरचं काम निघालंच आहे. त्या सभेत ‘निधी गेला कुठं’ हा प्रश्न येणार आहे. तेव्हा पंचवीस ओळी पडद्यावर असलेल्या बऱ्या. आतापर्यंत अकरा वर्षं टाईप झाली आहेत. चौदा राहिली आहेत. बी विंगमधून अजून कुणी आलेलं नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

शेवटची एक विनंती. हे सगळं सध्या दोनच माणसांना चालवता येतं, खजिनदारांना आणि मला. खजिनदारांचा मुलगा त्यांना पुढच्या वर्षी बंगलोरला बोलावतोय. मला एकट्याला हे ठेवायचं नाही. एकाच माणसाला कळणारा हिशेब आणि बाहेरच्या कार्यालयाची कुलूपबंद फाईल यात सभासदाच्या दृष्टीनं काही फरक नाही. तेव्हा येत्या रविवारपासून सकाळी दहा ते अकरा, ऑफिसात, चार रविवार. दहावीच्या पुढची मुलं चालतील, आजी-आजोबा तर हवेतच. पहिल्या रविवारी घराचा पत्ता, दुसऱ्या रविवारी पट्टे, तिसऱ्याला रिमोट आणि लुकअप. चौथ्या रविवारी पाण्याच्या टँकरची बिलं नव्या तक्त्यात घालून ती एकूण आकारणीला जोडायची आहेत, ते काम अजून कुणीच केलेलं नाही. लॅपटॉप असेल त्यांनी आणावा. नसेल त्यांनी वही आणावी, ऑफिसच्या संगणकावर आळीपाळीनं बसू.

वडे आले वाटतं. वास येतोय. थांबतो.